झोप ‘लागते’ तेव्हा मेंदूत नेमकं काय होतं? भावाच्या आजाराच्या निमित्ताने

नीरजा_७९ | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज बसलेच. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ नववीत असल्यापासून कुठेही झोपायचा. म्हणजे वर्गात तर झोपायचाच, पण एसटीत उभ्या उभ्या दांड्याला धरून, जेवताना हातातला घास हातातच, केस कापायला बसला की खुर्चीत. आई म्हणायची रात्री जागत असेल, बाबांनी मोबाइल काढून घेतला, रात्री साडेनऊला दिवा बंद, तरी दुसऱ्या दिवशी तेच. शाळेत कुंभकर्ण नाव पडलं. घरी येणारे-जाणारे ‘आळस झाडून टाक रे जरा’ सांगून जायचे आणि तो मान खाली घालून ऐकायचा.

दुसरी गोष्ट आम्ही कधी या झोपेशी जोडलीच नाही. तो जोरात हसला की त्याचे गुडघे ढिले पडायचे. चुलत बहिणीच्या हळदीला कुणीतरी नकला करत होतं, हा खो खो हसला आणि हातातल्या ताटासकट खाली बसला. मान छातीवर, जबडा लोंबलेला, हाताची बोटंही हलेनात. काकू ओरडत होती कांदा आणा, कांदा हुंगवा. मिनिटभरात उठून बसला. नंतर मला म्हणाला, ताई, मी पूर्ण शुद्धीवर होतो, कांदा कुठल्या टोपलीत आहे ते काकू सांगत होती तेसुद्धा ऐकलं, फक्त अंग माझं नव्हतं. एका डॉक्टरांनी त्या फिट्स समजून गोळ्या दिल्या, त्या दोन वर्षं घेतल्या. खरं निदान व्हायला एकूण आठ वर्षं गेली. नार्कोलेप्सी.

निदानाची तपासणी मी शेजारी बसून पाहिलीय. रात्रभर डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला वायरी चिकटवून झोपवतात, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी खोलीत अंधार करून ‘आता झोपायचा प्रयत्न करा’ म्हणतात, असं पाच वेळा. तुम्हाआम्हाला भरदिवसा असं झोपायला सांगितलं तर आपण दहा-पंधरा मिनिटं तरी कूस बदलत राहू. हा सरासरी दोन मिनिटांत झोपला. आणि पाचपैकी चार वेळा थेट स्वप्नांच्या झोपेत गेला. टेक्निशियनताईंनी स्क्रीनवर दाखवलं, डोळ्यांच्या रेषा भराभरा वरखाली होत होत्या आणि हनुवटीची रेषा एकदम सपाट. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम झोप, निरोगी माणसाला साधारण तासा-दीड तासाच्या झोपेनंतर येते. माझ्या भावाला दाराशीच भेटत होती.

त्या दिवसापासून मी झोपेबद्दल मिळेल ते वाचतेय. आणि मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट ही की झोप म्हणजे मेंदू थकून बंद पडणं नव्हे. झोप मेंदू करतो. त्यासाठी वेगळ्या पेशी आहेत, आणि त्या आपण झोपतो तेव्हा कामाला लागतात.

हे पहिल्यांदा नीट दिसलं ते व्हिएन्नात. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे एक विचित्र मेंदूज्वर पसरला, त्यातले बरेच रुग्ण दिवसचे दिवस झोपून राहायचे. काही मात्र उलट, डोळ्याला डोळा लागत नाही असे. कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो नावाच्या डॉक्टरांनी १९१७ मध्ये या आजारावर पहिल्यांदा लिहिलं, आणि दगावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. मेंदूच्या तळाशी, तोंडातल्या टाळूच्या वरच्या बाजूला हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. जे झोपून राहायचे त्यांचा त्याच्या मागचा भाग आणि त्याला लागून असलेला ब्रेनस्टेमचा (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा) वरचा भाग खराब झालेला होता, ज्यांची झोप उडाली होती त्यांचा पुढचा. म्हणजे मागे जागं ठेवणारं काहीतरी आहे आणि पुढे झोपवणारं. फक्त सूक्ष्मदर्शक आणि रुग्णांच्या नोंदी एवढ्यावर त्या माणसाने हे ओळखलं, आणि नार्कोलेप्सीचं मूळही मागच्याच भागात असणार असंही सांगून ठेवलं.

पुढच्या भागातल्या त्या झोपवणाऱ्या पेशी सापडायला १९९६ उजाडलं. हार्वर्डमधल्या क्लिफर्ड सेपर यांच्या गटाने उंदरांमध्ये त्या दाखवल्या, व्हीएलपीओ म्हणतात त्या पुंजक्याला. आपण झोपलो की या पेशी जागं ठेवणारी केंद्रं दाबून धरतात. आणि ती केंद्रं चालू असली की ती या पेशींना दाबतात. दोघांचा एकमेकांच्या मानेवर हात. त्यामुळे एक जिंकला की दुसरा पूर्ण गप्प, मधल्यामध्ये फार वेळ राहता येत नाही. म्हणून तर पुस्तक वाचता वाचता डोळा कधी लागला ते आपल्याला सांगता येत नाही.

पण असं एकमेकांना दाबणारं बटण जरा धक्का लागला तरी पलटेल ना? तर तिथे एक अडसर आहे. जुन्या वाड्यांच्या दाराला आतून आडवा लाकडी अडसर असायचा बघा, तसा. ओरेक्सिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी, त्याही हायपोथॅलॅमसमध्येच. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज मज्जापेशी, त्यातल्या या जेमतेम सत्तर हजार. त्या दिवसभर जाग्या केंद्रांना टेकू देतात म्हणून बटण जागेपणाच्या बाजूला पक्कं राहतं. माझ्या भावासारख्या रुग्णांमध्ये यातल्या बहुतेक सगळ्या पेशी मेलेल्या असतात. बहुधा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मारलेल्या. अडसर नसलेलं दार, वाऱ्याने उघडतं, वाऱ्याने लागतं. त्याची रात्रीची झोपही त्यामुळेच तुटक असते हे मला नंतर कळलं, तो चोवीस तासांत आपल्यापेक्षा फार जास्त झोपत नाहीच.

आठ वर्षं आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. म्हणून हा धागा.

---

वाटसरू_वाईचा | मंगळवार, रात्री ९:४८

वाचताना अंगावर काटा आला ताई. आमच्या वर्गात असाच एक होता, मास्तर खडू मारायचे त्याला. आता वाटतंय त्यालाही हेच असेल का.
एक कळलं नाही, झोपेचा आजार तर हसल्यावर गुडघे का गळतात?

---

खडू_फळा | मंगळवार, रात्री १०:२०

नीरजाताई, फार छान आणि बरोबर लिहिलंय. मी बावीस वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतोय, वाटसरूंच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

रेम झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच चालू असतो, स्वप्नात आपण धावतो, भांडतो, जिने उतरतो. ते हुकूम खरोखर हातापायांपर्यंत पोचले तर माणूस कॉटवरून पडेल. म्हणून ब्रेनस्टेममधला एक छोटा भाग त्या वेळी मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींना गप्प करतो. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल तेवढे सुटतात. ताईंनी हनुवटीची सपाट रेषा पाहिली ती हीच. ओरेक्सिन नसेल तर रेम झोपेचा हा तुकडा एकटाच सुटून जागेपणी येतो, आणि त्याला सुटायला जोराची भावना पुरते. हसू तर नेहमीचंच, कुणाला राग आल्यावर होतं, कुणाला अचानक जुना मित्र भेटला की होतं. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. माणूस झोपलेला नसतो, फक्त स्नायू झोपेत गेलेले असतात.

याचा उलगडा कुत्र्यांनी केला. अमेरिकेत स्टॅनफर्डला विल्यम डिमेंट यांनी १९७० च्या दशकात नार्कोलेप्सी असलेले कुत्रे पाळले होते, त्यात डॉबरमन होते. आवडीचं खाणं पुढे ठेवलं की आनंदाने दोन पावलं टाकायचे आणि पाय मुडपून खाली. १९९८ मध्ये दोन वेगळ्या गटांना हे रसायन सापडलं, एकाने हायपोक्रेटिन म्हटलं, दुसऱ्याने ओरेक्सिन, भुकेच्या ग्रीक शब्दावरून, कारण तेव्हा ते भुकेचं वाटलं होतं. पुढच्याच वर्षी इमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाने दाखवलं की या डॉबरमनांमध्ये ओरेक्सिन ओळखणारा रिसेप्टरच बिघडलेला आहे. आणि २००० मध्ये माणसांच्या मेंदूत या पेशी नाहीशा झाल्याचं दिसलं. दोन वर्षांत एवढा पल्ला, मी तेव्हा एमडी करत होतो, आमचे सर वर्गात झेरॉक्स घेऊन आले होते ते आजही आठवतं.

---

सुरंगी | मंगळवार, रात्री १०:५५

मी मूळची मालवणकडची. हे स्नायू गप्प होण्याचं वाचून एक विचारायचंय. कॉलेजात असताना हॉस्टेलला मला पहाटे जाग यायची, डोळे उघडे, ट्यूबलाइट दिसतेय, शेजारची मुलगी दिसतेय पण बोट हलत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटायचं, कोपऱ्यात काळं काहीतरी उभं असायचं. आजी म्हणाली मुंज्या बसतो, उशाखाली विळी ठेव. तीन वर्षं मी विळी घेऊन झोपले. हे तेच का?

---

खडू_फळा | मंगळवार, रात्री ११:०५

हो, तेच. जाग आधी आली आणि स्नायूंवरचं कुलूप निघायला अर्धा-एक मिनिट उशीर झाला. छातीवर ओझं का वाटतं तर बरगड्यांमधले स्नायूही त्या वेळी सैल असतात, श्वास एकट्या श्वासपटलावर चालू असतो, आपण जोर लावून मोठा श्वास घ्यायला बघतो आणि तो येत नाही. कोपऱ्यातलं काळं म्हणजे उरलेलं स्वप्न. अनेकांना आयुष्यात एकदा तरी होतं, जागरणं झाली, उताणं झोपलं की जास्त. धोका नाही. डोळे हलवता येतात, ते हलवत राहा किंवा पायाच्या अंगठ्यावर लक्ष द्या, सुटायला मदत होते असा अनेकांचा अनुभव आहे. आजींना भीती खरीच दिसली होती तुमची, त्यांनी हातात असलेला उपाय दिला.

---

सुरंगी | मंगळवार, रात्री ११:०९

तुम्हाला खरंच सांगते, वाचून डोळ्यात पाणी आलं. वीस वर्षं कुणाला बोलले नव्हते. आजीचंही तुम्ही बरोबर सांगितलंत.

---

रातपाळी_सिस्टर | बुधवार, सकाळी ९:१५

आत्ता ड्युटीवरून आले. माझा प्रश्न साधा आहे. रात्रभर वॉर्डात उभी असते, पहाटे चार ते पाच इतकी पेंग येते की सलाइनचे थेंब मोजताना आकडे विसरते, घरी येऊन पडते तेव्हा मेल्यासारखी झोप लागते आणि तरी साडेबारा-एकला टक्क जाग. पडदे लावले, फोन बंद केला, काही उपयोग नाही. थकलेल्या माणसाला झोप पुरी का पडू नये?

---

नीरजा_७९ | बुधवार, दुपारी १:३०

सिस्टर, हे मी भावाच्या वाचनातच वाचलं होतं. झोपेला दोन दोऱ्या ओढत असतात, झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेलं आहे. एक दोरी म्हणजे साठत जाणारी झोप. जागं राहू तितकी वाढते, झोपलो की उतरते. दुसरी म्हणजे शरीराचं घड्याळ, त्याला आपण किती तास जागलो याच्याशी काही देणंघेणं नाही. ते आपल्या वेळेने चालतं, दुपारनंतर संध्याकाळपर्यंत जागेपणाचा जोर वाढवत नेतं आणि पहाटे तळाला जातं, शरीराचं तापमानही तेव्हाच सगळ्यात खाली. रात्री झोपणाऱ्या माणसाच्या दोन्ही दोऱ्या एकाच दिशेला असतात. तुमच्या उलट. साडेनऊला झोपता तेव्हा पहिली दोरी जोरात असते म्हणून लगेच लागते, तीन तासांत तिचा बराच जोर उतरतो, आणि तोवर घड्याळ वर चढलेलं असतं, ते उठवतं.

घड्याळ कुठे आहे तेही सांगते, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, साधारण वीस हजार पेशींचा ठिपका, एससीएन. डोळ्यात काही पेशी अशा आहेत की त्या मुख्यतः उजेड किती आहे एवढंच मोजून या ठिपक्याला कळवतात. म्हणून ड्युटीवरून सकाळी उन्हात घरी येणं हा त्या घड्याळाला ‘दिवस सुरू झाला’ असा निरोप असतो. येताना गडद गॉगल लावून बघा, आणि दुपारी संध्याकाळच्या आधी दुसरी डुलकी काढता आली तर काढा.

---

रातपाळी_सिस्टर | बुधवार, दुपारी १:४१

उठलेच बघा आत्ता. गॉगलचं करून बघते, आणि मैत्रिणींनाही सांगते. आम्हाला ट्रेनिंगमध्ये दुसऱ्यांची झोप सांभाळायला शिकवलं, स्वतःची कुणी नाही.

---

कटिंगप्रेमी | बुधवार, दुपारी ३:०२

साठत जाणारी झोप म्हणजे नेमकं काय साठतं? आणि चहाने झोप कशी जाते? संध्याकाळी सहाचा चहा सोडवत नाही मला.

---

खडू_फळा | बुधवार, संध्याकाळी ५:२०

साठणाऱ्या गोष्टींपैकी नीट माहिती असलेली एक म्हणजे ॲडेनोसिन. पेशी ऊर्जा वापरतात तेव्हा ते मागे उरतं. जागेपणी मेंदूत वाढत जातं, जाग्या पेशींच्या रिसेप्टरवर बसून त्यांना मंद करतं, झोपेत कमी होतं. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं, पण मंद काही करत नाही, नुसती जागा अडवतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. ॲडेनोसिन गेलेलं नसतं, ते उभं असतं, रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात. म्हणून चहाचा असर उतरल्यावर एकदम ढेपाळायला होतं. कॅफिन अर्धं उतरायला सरासरी पाच तास लागतात, तेव्हा सहाच्या कपातलं अर्धं रात्री अकराला तुमच्या मेंदूत आहे असं धरा. माणसागणिक फरक खूप, माझी बायको जेवणानंतर कॉफी घेऊन घोरते.

जाता जाता, सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप का येते तेही याच घरातलं. जागं ठेवणाऱ्या केंद्रांपैकी एक हिस्टामिन वापरतं, आणि त्या जुन्या गोळ्या मेंदूत शिरून तेच हिस्टामिन अडवतात.

---

मनमोकळा | बुधवार, संध्याकाळी ६:१०

पण मूळ मुद्दा मला पटत नाही. डोळे मिटले, आवाज बंद झाले, मेंदूला काम उरलं नाही की तो झोपतो, इतकं साधं आहे. झोपेत मेंदू विश्रांती घेतो आणि त्याचं हार्मोन मेलाटोनिन आहे, दुकानात मिळतं.

---

खडू_फळा | बुधवार, संध्याकाळी ७:००

मनमोकळे, तुम्ही म्हणता तसंच शास्त्रज्ञही कधीकाळी मानत होते. १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून यांनी भूल दिलेल्या मांजराच्या ब्रेनस्टेमच्या गाभ्याला हलका विजेचा प्रवाह दिला, आणि मेंदूच्या लाटा क्षणात जागेपणाच्या झाल्या. ना आवाज, ना उजेड. म्हणजे जागं राहणंसुद्धा आतून केलं जातं. मग १९५३ मध्ये शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी रेम झोप दाखवली, त्या झोपेत मेंदूला विश्रांती कसली, तो ऐन भरात असतो.

मेलाटोनिन अंधाराचं हार्मोन आहे, झोपेचं नव्हे. उंदीर रात्री जागा असतो, त्याच्या अंगातही ते रात्रीच वाढतं. घड्याळ सरकवायला ते उपयोगी पडतं, लांबचा विमानप्रवास वगैरे, पण सरसकट झोपेची गोळी म्हणून घेण्यात अर्थ नाही.

---

मनमोकळा | बुधवार, संध्याकाळी ७:१२

उंदराचं माहीत नव्हतं. मान्य. माझी बाटली बंद करतो, आधी डॉक्टरांना विचारतो.

---

रुळांशेजारी | बुधवार, रात्री ८:३०

आमचं घर कल्याणच्या पुढे रुळांना लागून. मालगाडी गेली की भांडी वाजतात, मला पत्ता नसतो, पण तान्ही लेक पाळण्यात नुसती कण्हली तरी मी उठून बसलेली असते. कान तर तेच आहेत.

---

नीरजा_७९ | बुधवार, रात्री ९:२५

किती छान उदाहरण दिलंत. कानांपासून येणारा आवाज मेंदूच्या वरच्या भागात पोचायच्या आधी थॅलॅमस नावाच्या देवडीवर थांबतो. झोप लागली की तिथल्या पेशींची तऱ्हाच बदलते, त्या सगळ्या मिळून ठेक्यात धडधडायला लागतात, सेकंदाला बारा-पंधरा वेळा, एखाद-दोन सेकंद, मग थांबतात, परत सुरू. आलेखावर चातीसारखं दिसतं म्हणून स्पिंडल म्हणतात. ज्यांच्या झोपेत या चात्या जास्त असतात ते गोंगाटातही झोपून राहतात असं प्रयोगात दिसलंय. पण देवडी पूर्ण बंद नसते, ओळखीच्या, महत्त्वाच्या आवाजाला मेंदू झोपेतही वेगळा प्रतिसाद देतो. स्वतःचं नाव, लेकराचं रडणं. मालगाडी रोजची, तिला कोण विचारतो.

---

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०:४०

मी खूप वेळ लिहू की नको करत होतो. वडील ६८ वर्षांचे आहेत. वर्षभर झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात, गेल्या आठवड्यात आईच्या खांद्याला लागलं. उठवलं की म्हणतात शेतात डुक्कर आलं होतं, हाकलत होतो. दिवसा अतिशय शांत माणूस आहे. सर, तुम्ही म्हणालात ते कुलूप यांचं लागत नाहीये का?

---

खडू_फळा | बुधवार, रात्री ११:१५

गोदाकाठ, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. इथून निदान करता येत नाही पण वर्णन त्याच दिशेचं आहे. फ्रान्समध्ये लिऑनला मिशेल झुवे यांनी १९६० च्या दशकात मांजरांच्या ब्रेनस्टेममधला तो छोटा भाग निकामी केला तेव्हा मांजरं रेम झोपेत उठून न दिसणाऱ्या उंदरावर झडप घालायची. माणसांतला हा आजार १९८६ मध्ये मिनेसोटात नोंदवला गेला. वडिलांना मेंदूविकारतज्ज्ञांना नक्की दाखवा, लांबणीवर टाकू नका. स्पष्ट सांगतो, यातल्या बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्यासारखा आजार होतो, म्हणून त्यांच्यावर लक्ष राहायला हवं. औषधाने झोपेतलं झाडणं बऱ्यापैकी आटोक्यात येतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन जा, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे होतं. आणि आजच रात्री आईंना वेगळ्या अंथरुणावर झोपवा, पलंगाशेजारचं टोकदार फर्निचर हलवा, जमिनीवर गादी सगळ्यात उत्तम.

---

गोदाकाठ | बुधवार, रात्री ११:२२

सर, गादी खाली घातली आत्ताच. उद्या अपॉइंटमेंट घेतो.

---

वाटसरू_वाईचा | गुरुवार, सकाळी ८:०५

नीरजाताई, भाऊ आता कसा आहे? आणि त्या मेलेल्या पेशी परत आणता येतात का? तो वर्गातला मित्र शोधतोय मी, सापडला तर तपासणीला काय सांगू?

---

नीरजा_७९ | गुरुवार, दुपारी १२:५०

पेशी परत आणता येत नाहीत अजून. पण ओरेक्सिन अडवणारी गोळी निद्रानाशासाठी अमेरिकेत २०१४ मध्येच मंजूर झाली, म्हणजे या आजारातून शिकून झोप न येणाऱ्यांसाठी अडसर काढायचं औषध निघालं. आणि आता उलट, ओरेक्सिनचं काम करणारी गोळी नार्कोलेप्सीसाठी मोठ्या चाचण्यांपर्यंत पोचलीय. त्याची बातमी भावानेच मला पाठवली.

तो सध्या सकाळी जागं ठेवणारी एक गोळी घेतो, गुडघे गळण्यासाठी वेगळी. दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला वीस-वीस मिनिटं झोपतो, ऑफिसात त्याच्या साहेबांनी स्टोअररूममध्ये सतरंजी टाकून दिलीय. गाडी चालवत नाही. हसतो आता मोकळेपणाने, फक्त हसायच्या आधी भिंतीला हात लावतो.

मित्राला सांगा, झोपेच्या तपासणीची लॅब असलेल्या हॉस्पिटलात मेंदूविकारतज्ज्ञांना भेटून एमएसएलटी (दिवसा दर दोन तासांनी झोपवून बघतात ती तपासणी) म्हणून विचारायचं, त्याच्या आदल्या रात्रीची झोपेची तपासणीही लागते. आधी दोन आठवडे कधी झोपला कधी उठला ते वहीत लिहायचं. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि हसल्यावर, चिडल्यावर कधी मान किंवा गुडघे ढिले पडतात का हे आठवून सांगायचं, डॉक्टर विचारोत न विचारोत. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं.